सोनेरी यू आणि नगरची माती

इंग्लंडांतील जुन्या वाड्यांच्या बागांचीं चित्रें ज्यांनीं पुस्तकांत पाहिलीं असतील, त्यांस एक गोष्ट सहज आठवेल. हिरवळीच्या कडेनें झाडें उभीं असतात, परंतु तीं झाडांसारखीं दिसत नाहींत. एखादें शंकूसारखें निमुळतें, एखादें बुद्धिबळांतील प्याद्यासारखें, तर एखादें पिसारा मिटून बसलेल्या मोरासारखें. त्यांतील कांहीं काळपट हिरवीं असतात आणि कांहीं इतकीं पिवळीं, कीं त्यांच्यावर दिवसभर सकाळचेंच ऊन पडलें आहे असा भास व्हावा. हीं पिवळीं झाडें बहुधा ‘यू’ नामक वृक्षाच्या सोनेरी जातीचीं असतात. झाडांस कातरून असे आकार देण्याच्या कलेस इंग्रजींत टोपिअरी म्हणतात. प्राचीन रोमन लोक शोभेच्या बागेच्या माळ्यास ‘टोपिआरिअस’ म्हणत. त्यावरूनच हा शब्द आला.

असें एक झाड आपल्याही आवारांत असावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. म्हणूनच तो वृक्ष मुळांत कसा आहे, कोणत्या गुणामुळें तो कातरीस इतका वश होतो, आणि तो गुण आपल्या नगरच्या मातींत कोणत्या झाडांत सांपडेल, एवढें येथें सांगावयाचें आहे.

यूचें शास्त्रीय नांव टॅक्सस बकाटा. हा सूचिपर्णी वर्गांतील आहे, तथापि चिडासारखें लांकडी फळ यास येत नाहीं. पानें अरुंद, चपटीं व दोन-तीन सेंटिमीटर लांब असतात. नर आणि मादी वृक्ष वेगळे. मादीवृक्षास जें बी येतें, त्याच्याभोंवतीं लाल, मऊ गराचा एक इवलासा पेला असतो. हा गर सोडला तर पान, साल, लांकूड, बी असा झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यांतील टॅक्सीन हें विष हृदयाच्या ठोक्यांवर आघात करतें. कुंपणापलीकडे टाकलेलें यूचें कातरण खाऊन घोडे व गुरें दगावल्याचीं उदाहरणें युरोपांत पुष्कळ आहेत. इंग्लंडांत हा वृक्ष विशेषेंकरून चर्चच्या आवारांत, थडग्यांच्या सोबतीस आढळतो, आणि शेंकडों वर्षें जगतो.

सोनेरी यू ही कांहीं निराळी जात देवानें आरंभींच घडविलेली नव्हे. हिरव्या यूच्या एखाद्या रोपांत किंवा फांदींत हरितद्रव्य उणें होऊन पिवळेपणा प्रकट होतो. चतुर माळी तेवढ्याच फांदीचें छाट कलम करून तो रंग टिकवितो, कारण बी पेरल्यास तो रंग उतरेलच असा भरंवसा नसतो. आयर्लंडांतील उभ्या, खांबासारख्या यूची कथा अशीच मौजेची आहे. अठराव्या शतकांत फ्लॉरेन्स कोर्ट नांवाच्या इस्टेटीजवळील डोंगरावर तसलीं दोन रोपें सांपडलीं, त्यांपैकीं एक जगलें, आणि आज जगभर दिसणारे आयरिश यू हे त्या एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढविलेले आहेत. सोनेरी पानांचा रंग वसंत ऋतूंतील नव्या फुटीवर सर्वांत उजळ असतो व पुढें हिरवटपणाकडे झुकतो. झाड सांवलींत असेल तर सोनें फिकें पडतें. हें लक्षांत ठेवावें, पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां मुख्य प्रश्न: शेंकडों झाडांतून माळ्यांनीं यूच कां निवडावा? पान लहान आहे, म्हणून आकाराची कड रेखीव येते, हें एक. वाढ मंद आहे, म्हणून वर्षांतून एकदां कातर फिरविली तरी भागतें, हें दुसरें. परंतु खरें कारण सालीखालीं दडलेलें आहे. झाडाच्या शेंड्याचा अंकुर वाढत असतां ऑक्सिन नांवाचें एक द्रव्य खालीं पाठवीत असतो. जोंवर तें येत असतें तोंवर बाजूचे अंकुर दबून राहतात. शेंडा कापला कीं तो दाब उठतो व खालचे अंकुर जागे होतात. एका टोकाच्या जागीं दोन-तीन टोकें येतात; तीं कापलीं कीं प्रत्येकाच्या जागीं पुन्हां दोन-तीन. अशा रीतीनें झाडाचा पृष्ठभाग गालिच्यासारखा दाट होतो. येथवर बहुतेक झाडें सारखींच. परंतु कातर चुकून कोंवळ्या भागाच्या पलीकडे, उघड्या जुन्या लांकडांत शिरली तर काय? बहुतेक सूचिपर्णी झाडांच्या जुन्या लांकडांत निजलेले अंकुर जवळजवळ नसतातच. तेथें पडलेलें भगदाड जन्मभर राहतें. यूच्या सालीखालीं मात्र असे अंकुर वर्षानुवर्षें जिवंत असतात. बेढब झालेला जुना यू बुंध्यापर्यंत छाटला तरी तो पुन्हां हिरवा होतो. चूक पोटांत घालण्याची ही शक्तिच या कलेचा पाया होय.

या कलेचा इतिहास येथें विस्तारानें देण्याचें कारण नाहीं. रोमन लेखक धाकटा प्लिनी आपल्या एका पत्रांत बागेंतील बॉक्स झाडांचे पशु व अक्षरें केल्याचें सांगतो. त्या अक्षरांत कधीं धन्याचें तर कधीं माळ्याचेंही नांव कोरलेलें असे. माळ्याचें नांव धन्यानें आपल्या बागेंत कोरूं द्यावें, हें आजही विरळाच घडेल! इंग्लंडांत लेव्हन्स हॉल येथील बाग सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडली गेली व तेथील कातरलेलीं झाडें आजतागायत सांभाळलेलीं आहेत. या छंदाचा अतिरेक झाला तेव्हां त्याची थट्टाही झाली. १७१३ मध्यें अलेक्झांडर पोप या कवीनें विक्रीस ठेवलेल्या कातरीव झाडांची एक विनोदी यादी छापली. तींत यूचे आदाम आणि हव्वा आहेत. वादळांत ज्ञानवृक्ष अंगावर पडल्यामुळें बिचाऱ्या आदामाची थोडी मोडतोड झाली आहे, हव्वा व सर्प मात्र उत्तम फोफावले आहेत, असा त्याचा टोमणा आहे. आपल्याकडे ही कला पाहावयाची असेल तर मुंबईस मलबार हिलवर जावें. तेथील फिरोजशहा मेहता उद्यानांत, म्हणजेच लोकांच्या तोंडच्या हँगिंग गार्डनमध्यें, झुडुपांस पशूंचे आकार दिलेले आहेत, आणि ही सर्व बाग शहराच्या पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर उभारलेली आहे.

यूचा आणि महाराष्ट्राचा आणखी एक संबंध आहे, तो बागेच्या बाहेरचा. १९६२ मध्यें अमेरिकेच्या पश्चिम भागांतील यूची साल शास्त्रज्ञांनीं औषधांच्या शोधार्थ गोळा केली. तिच्यांतून कर्करोगावर गुणकारी असें टॅक्सॉल नांवाचें द्रव्य वेगळें काढणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्या बरोबरीनें मनसुख वाणी हे होते. यांचा जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचें. या द्रव्याची रचना १९७१ मध्यें प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्यें अमेरिकेंत तें औषध म्हणून मान्य झालें. परंतु साल सोलली कीं झाड मरतें, ही मोठी अडचण होती. पुढें फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञांनीं युरोपीय यूच्या पानांतून असें एक द्रव्य काढलें, कीं ज्यापासून हें औषध तयार करतां येतें. तेव्हांपासून युरोपांतील बागांत यूच्या कुंपणांचें कातरण, जें पूर्वीं विषारी कचरा म्हणून जाळीत, तें गोळा करून औषधासाठीं पाठविण्याची चाल पडली. आपल्या हिमालयांतही यूची एक जात आहे. तिला तिकडे थुनेर म्हणतात. कांहीं बाजारांत तालीसपत्र या नांवानें हिचींच पानें विकलीं जात. औषधाच्या मागणीपायीं तिची बेसुमार तोड झाली, म्हणून १९९५ पासून तिच्या परदेशीं व्यापारावर निर्बंध आहेत.

हिमालयांत होतो तर सह्याद्रींत कां होऊं नये, असें कोणी विचारील. थुनेर साधारणतः १८०० ते ३३०० मीटर उंचीवर, देवदारांच्या सांवलींत वाढतो. महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर कळसूबाई आपल्याच जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत आहे. त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे आपल्या सर्वांत उंच खडकाचा माथाही थुनेरच्या पायरीपर्यंत पोंचत नाहीं. नगर शहर तर सुमारें साडेसहाशें मीटरांवर. यूस हिंवाळ्याची खरी थंडी व तींत मिळणारी विश्रांति लागते आणि उन्हाळा सौम्य लागतो. आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते, आणि तप्त वारा पानांतील ओल ओढून घेतो. तशा हवेंत कुंडींतला यू कांहीं महिने तग धरील, पण बागेचें झाड होणार नाहीं.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. अहमदनगर, ज्यास २०२४ पासून शासकीय दप्तरांत अहिल्यानगर म्हणतात, तें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. अकोल्याचा डोंगराळ भाग वगळला तर जिल्ह्याच्या बहुतेक भागांत वर्षाकांठीं ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरंवशाचा. निजामशाहींत येथें फराहबागेसारख्या बागा झाल्या त्या आकाशांतल्या पाण्यावर नव्हेत. भोंवतालच्या गांवांहून खापरी नळांनीं शहरांत पाणी आणलेलें होतें. मातीची गोष्ट पंडित नेहरूंनीं लिहून ठेविली आहे. ऑगस्ट १९४२ पासून ते येथील किल्ल्यांत स्थानबद्ध असतां त्यांनीं स्वतः खणून फुलांचे वाफे केले. ती माती दगडगोट्यांनीं व जुन्या बांधकामाच्या अवशेषांनीं भरलेली असल्याचें त्यांच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथांत नमूद आहे. तरीही त्या मातींत फुलें आलीं. तेव्हां माती वाईट म्हणून हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. झाड मात्र मातीस व हवेस पटेल असें निवडावें लागतें.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. यूच्या जागीं दुसरें झाड शोधतांना लोक यूसारखें दिसणारें झाड शोधतात, आणि रोपवाटिकेंतून मोरपंखी घेऊन येतात. ती दिसावयास खरोखरीच सुबक. तिच्यांत सोनेरी प्रकारही मिळतो. न कातरतांही ती शंकूचा आकार धरते. परंतु जुन्या लांकडावर ती फुटत नाहीं. एकदां कातर खोल गेली, किंवा उन्हाळ्यांत एक बाजू वाळली, कीं तेथें तपकिरी खिंडार पडतें व तें भरून येत नाहीं. यूचें रूप तिच्यापाशीं आहे, गुण नाहीं. उलट ज्या झाडांचें रूप यूशीं मुळींच जुळत नाहीं, अशा कांहीं रुंद पानांच्या झुडुपांत तो गुण भरपूर आहे.

सोनेरी रंगच हवा असेल तर सोनेरी ड्युरांटा लावावा. हें मूळचें उष्ण अमेरिकेंतलें झुडूप आतां आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकांपासून देवळांच्या आवारांपर्यंत सर्वत्र दिसतें. छाट कलमानें सहज येतें, बुंध्यापर्यंत छाटलें तरी फुटतें. यूप्रमाणेंच त्याचें सोनें उन्हांत उजळतें व सांवलींत हिरवें होतें, म्हणून भिंतीच्या उत्तरेस तें लावूं नये. दोष दोन आहेत. एक, पावसाळ्यांत वाढ इतकी जोराची असते, कीं दोन-तीन आठवड्यांनीं कातर न फिरविल्यास आकार हरवतो. इंग्लंडांतल्या माळ्यास जें काम वर्षांतून एकदां, तें येथें दहा वेळां. दुसरा दोष गंभीर आहे: ड्युरांट्याचीं फळें व पानें विषारी आहेत. नारिंगी मण्यांचे घोंस लहान मुलांस भुरळ घालतात. नियमित कातरल्यास फुलें व फळें क्वचितच येतात. तरीपण जेथें अगदीं लहान वर्गांचीं मुलें खेळतात तेथें हें झाड न लावलेलेंच बरें.

हिरव्या आकारांसाठीं माझी पहिली पसंती कोयनेलीस आहे. जुन्या शाळांच्या व बंगल्यांच्या कुंपणांतील हें साधें झुडूप परदेशी नांवाच्या रोपांपुढें अलीकडे मागें पडलें आहे. तें आपल्या समुद्रकिनाऱ्याचें, म्हणून खारट पाणी सोसतें, आणि आपल्याकडील पुष्कळ विहिरींचें पाणी मचूळ असतें. पानें कडू, त्यामुळें शेळ्या सहसा तोंड लावीत नाहींत. नगर जिल्ह्यांत कुंपण लावणाऱ्यास हा गुण किती मोलाचा, हें निराळें सांगावयास नको. मेंदी याहूनही काटक आहे, पान बारीक आहे. परंतु कडक उन्हाळ्यांत पाणी तोडल्यास ती पानें गाळते, म्हणजे सदाहरित हें विशेषण तिला पुरतें शोभत नाहीं.

पानांच्या घट्टपणांत व काळोख्या हिरव्या रंगांत यूच्या सर्वांत जवळ जाते ती कुंती, जिला कोणी कामिनी म्हणतात. वाढ संथ, कड रेखीव, आणि एखादी फांदी मोकळी सोडली तर पांढऱ्या सुगंधी फुलांचा वर्षाव. पण ती लिंबाच्या कुळांतली आहे. लिंबू-मोसंबीच्या बागांत सिट्रस सिला नांवाचा जो बारीक किडा ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवितो, तो कुंतीच्या कोंवळ्या फुटीवर आनंदानें राहतो. आणि वारंवार कातरलेल्या झाडास कोंवळी फूट सदैव असतेच. म्हणून श्रीगोंद्यासारख्या लिंबाच्या मुलुखांत शोभेसाठीं कुंती लावणें म्हणजे शेजाऱ्याच्या उभ्या बागेस संकट आणणें होय.

आतां कृति. जूनमध्यें जमीन दोनदां चांगली भिजल्यावर रोपें लावावीं. खड्डा हात-सव्वा हात खोल घ्यावा. तळाशीं दगड-विटांचा चुरा, वर पोयटा व कुजलेलें शेणखत समभाग. शंकु करावयाचा असेल तर मधोमध एक काठी रोवावी व तिच्या टोकापासून तीन-चार दोऱ्या जमिनीपर्यंत तिरप्या ताणून खुंट्यांस बांधाव्या. दोरीबाहेर जें येईल तें कापावें. पशूचा किंवा पक्ष्याचा आकार हवा असेल तर तारेचा सांगाडा आधीं उभारून झाड त्याच्या आंतून वाढवावें. पहिल्या वर्षीं आकाराची घाई करूं नये, केवळ शेंडे खुडावे. आकार कोणताही असो, तळ माथ्याहून रुंद राहिला पाहिजे. माथा रुंद झाला कीं खालच्या पानांस ऊन मिळत नाहीं, तीं झडतात, आणि झाड उघड्या पायांवर उभें राहतें. मोठी कापणी जूनमध्यें व पुन्हां ऑक्टोबरांत करावी. मार्च ते मे या काळांत कातर बाजूस ठेवावी. बाहेरचीं पानें काढलीं तर आंतलीं नाजूक पानें एका दुपारींत करपतात.

पाण्याचा हिशेब आधीं मांडावा. हिवरे बाजार गांवांत दर वर्षीं पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून मग कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवितात. बागेसही तोच नियम लावावा. एका झाडास आठवड्याला एक बादली, म्हणजे १५ लिटर धरूं. फेब्रुवारीपासून मेअखेर सतरा आठवडे होतात. चाळीस झाडांच्या कुंपणास तेवढ्या काळांत १०,२०० लिटर लागतील. गांवांत टँकर येत असतां एवढें पाणी शोभेसाठीं ओतणें मला तरी प्रशस्त वाटत नाहीं. तेंच एका शंकूस २५५ लिटर पुरतात, आणि तेवढें पाणी वसतिगृहांतील तांदूळ-भाज्या धुण्यांतून सहज निघतें. कपड्यांच्या साबणाचें पाणी मात्र रोज देऊं नये. आळ्यांत वाळलेल्या पानांचें चार बोटें आच्छादन घालावें. बुडाशीं बारीक छिद्र व त्यांत वात असलेलें मातीचें मडकें मुळांजवळ पुरून तें भरावें, म्हणजे पाणी झिरपत राहतें व उन्हानें उडून जात नाहीं. कुंपणाचा मोह सोडून दारापाशीं एक किंवा दोन झाडें नीट सांभाळलीं तर तीं अधिक उठून दिसतात, असाही अनुभव आहे.

कातरण कोयनेलीचें किंवा मेंदीचें असल्यास खताच्या खड्ड्यांत घालावें. ड्युरांट्याचें असल्यास तें खड्ड्यांत टाकून लगेच मातीनें झांकावें, उघड्यावर शेळ्या-गुरांपुढें पडूं देऊं नये. शेवटीं आणखी एक सूचना. दाट कातरलेल्या झुडुपांत बुलबुल व मुनिया घरटीं बांधतात, आणि तीं बाहेरून दिसत नाहींत. म्हणून जूनची कापणी करण्यापूर्वीं फांद्या हातानें बाजूस सारून आंत पाहावें. घरटें आढळलें तर पिलें उडून जाईपर्यंत झाडाची ती बाजू वेडीवांकडी राहूं द्यावी. महिन्याभरानें कातरली तरी कोयनेल फुटतेच.